गवताच्या मुळाशी कोण राहते?



हिवाळ्यातला पाऊस पडून गेल्यावर आपल्या शनिवारच्या वर्गातील एका मुलाने मला एक प्रश्न विचारला होता. त्याने आणि त्याच्या बाबांनी इमारतीमागच्या मोकळ्या वाळूत गवताचे बी टाकले, रोज संध्याकाळी पाणी घातले. कोंब आले, दोन बोटे उंच झाले, मग पिवळे पडले आणि वाळून गेले. त्याच आठवड्यात ते सगळे फलज अल मुअल्लाच्या बाजूला फिरायला गेले होते. तिथे वाळूच्या टेकड्यांवर गवताचे हिरवे झुबके डौलात उभे होते. मुलाने विचारले, "बाई, त्या गवताला कोण पाणी घालतं?"

मी उत्तर दिले, "अरे, त्याची मुळे खोल जातात." उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर सांगायचे राहून गेले होते. ते या पाठात देत आहे.

वाळूतले गवत

आपल्या उम्म अल कुवैनमध्ये समुद्राकाठी खारफुटी आणि खारट चिखल आहे, आणि आत गेले की वाळू. या वाळूत जी गवते आपोआप उगवतात त्यांतले एक म्हणजे थुमाम. अरबी लोक त्याला थुमाम म्हणतात, शास्त्रीय नाव पॅनिकम टर्जिडम. हे गवत सहारा वाळवंटापासून अरबस्तानातून थेट राजस्थानच्या थरपर्यंत आढळते. त्याचा झुबका वर्षानुवर्षे टिकतो. पाऊस नसला की काड्या वाळल्यासारख्या दिसतात, पण चार सरी पडल्या की त्याच काड्यांना पुन्हा हिरवे फुटवे येतात.

दुसरे गवत तुमच्या आजीआजोबांच्याही ओळखीचे असेल. आपल्याकडे त्याला अंजन म्हणतात, काही भागांत धामण म्हणतात. महाराष्ट्रात गुरांसाठी ते मुद्दाम लावतात. तेच गवत इथल्या वाळवंटातही मूळचेच आहे. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी इथे 'गाफ' या नावाने अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे गाव बदलले तरी काही ओळखीची मंडळी इथेही भेटतात!

वाऱ्याने एखाद्या टेकडीची कड ढासळली असेल तर तिथे थुमामची उघडी पडलेली मुळे नीट पाहा. उपटू नका, नुसती पाहा. मुळांभोवती वाळूचे कण चिकटून जणू एक मोजा चढवलेला दिसतो. मुळातून पाझरणाऱ्या चिकट रसामुळे हे कण धरले जातात. हा मोजा मुळाला कोरडे पडू देत नाही. या मोज्याच्या आत आणि आसपास आपल्या आजच्या पाठाचा नायक राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तो आहे बुरशी.

बुरशी म्हणजे फक्त नासाडी नव्हे

बुरशी म्हटले की आपल्याला पावावरचे हिरवे डाग किंवा नीट न झाकलेल्या लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो. पण बुरशीच्या कितीतरी जाती मातीत राहतात, आणि त्यांतल्या काही जिवंत झाडांच्या मुळांशी मैत्री करून जगतात.

या मैत्रीला नाव मिळाले ते १८८५ साली. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांच्याकडे एक सरकारी काम आले होते : ट्रफल नावाची महागडी भुईबुरशी शेतात पिकवता येईल का ते पाहा. ट्रफल काही त्यांना पिकवता आली नाही. पण झाडांच्या मुळांची टोके बुरशीने वेढलेली असतात आणि तरीही झाड आजारी नसते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ग्रीक भाषेतील बुरशी आणि मूळ या दोन शब्दांचा जोड करून 'मायकोरायझा' हा शब्द केला. मराठीत आपण त्याला कवकमूळ म्हणू. कवक म्हणजे बुरशी.

ट्रफलची एक वाळवंटी नातेवाईक आखातात चांगलीच प्रसिद्ध आहे. चांगला पाऊस झालेल्या हिवाळ्यानंतर बाजारात बटाट्यासारखी दिसणारी 'फगा' विकायला येते ना, तीच. तीही वाळवंटातल्या छोट्या झुडपांच्या मुळांशी जोडलेली बुरशीच आहे.

गवताची बुरशी मात्र निराळी. तिला फगासारखे फळ येत नाही, छत्रीही येत नाही. ती मुळाच्या आत शिरते आणि पेशीच्या भिंतीच्या आत चिमुकल्या झाडासारख्या फांद्या करते. त्या फांद्यांवरच देवाणघेवाण चालते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गावाकडे शेती आहे त्यांनी 'व्हॅम' हे नाव ऐकले असेल. कृषी केंद्रात त्या नावाने जे खत मिळते ते याच बुरशीचे.

ही मैत्री फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी या गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे दगड झालेले अवशेष मिळाले आहेत. त्या वनस्पतींना खरी मुळेसुद्धा नव्हती, पण त्यांच्या पेशींत हीच झाडासारखी रचना आढळली. आज जमिनीवरच्या वनस्पतींच्या दर दहा जातींपैकी सुमारे सात जातींच्या मुळांत ही बुरशी सापडते.

कोण कोणाला काय देते?

शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जावे आणि येताना तिला डाळ देऊन यावे, तसा हा व्यवहार आहे.

गवत उन्हात साखर तयार करते. त्यातला काही हिस्सा, आणि त्याबरोबर स्निग्ध पदार्थही, ते बुरशीला देते. या बुरशीला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. जिवंत मुळाशिवाय ती वाढूच शकत नाही.

बदल्यात बुरशी काय देते? मुख्यतः स्फुरद. पिकांना नत्र, स्फुरद आणि पालाश लागते हे तुम्ही शाळेत शिकला आहात. यांतले स्फुरद मोठे हट्टी. ते मातीत सहज हिंडत नाही. आपल्या किनाऱ्याच्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुना भरपूर आहे आणि स्फुरद या चुन्याशी घट्ट बांधले जाते. मुळाच्या अगदी जवळचे, एकदोन मिलिमीटरमधले स्फुरद मुळाने एकदा शोषले की तिथे दुष्काळ पडतो. मुळाला तर पुढे हात पोचत नाही.

इथे बुरशीचे धागे कामाला येतात. हे कवकतंतू आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही बारीक असतात. मुळाला शिरता येत नाही अशा फटींतून ते जातात आणि काही सेंटिमीटर दूरचे स्फुरद आणून देतात. दुष्काळात तग धरायलाही त्यांची मदत होते. शिवाय हे धागे मातीचे कण एकमेकांशी बांधतात. त्यामुळे वाळू वाऱ्याने सहज उडत नाही आणि पाणी धरणाऱ्या लहान लहान गुठळ्या तयार होतात.

सौदी अरबस्तानातील किंग सौद विद्यापीठाच्या संशोधकांनी थुमामवरच असा प्रयोग केला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. खारट पाणी दिलेल्या रोपांपैकी ज्यांच्या मुळांत ही बुरशी होती, त्यांनी मिठाचा मारा अधिक चांगला सोसला. खारे पाणी ही आपल्या किनाऱ्याची रोजची अडचण आहे, म्हणून हा प्रयोग आपल्याला जवळचा.

प्रत्येक मातीची आपली बुरशी

वाळवंटात बुरशी असेलच कशी, असे तुम्हाला वाटेल. शेजारच्या ओमानमध्ये मोहम्मद अल याह्याई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खजुराच्या बागा आणि त्यांच्या आसपासचे वाळवंट, दोन्हींच्या मातीत शोध घेतला. २०११ साली त्यांनी लिहिले की इथल्या बुरशींचा समुदाय अगदी वेगळाच आहे. २०१४ साली ओमानच्या वाळवंटातल्या एकाच ठिकाणाहून तीन नव्या जातींची नोंद झाली. त्यांची नावे पाहा : एकीच्या नावात ओमान आहे, दुसरीच्या नावात अरबस्तान, आणि तिसरीच्या नावात 'नखील', म्हणजे अरबीत खजुराची झाडे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. या उन्हात, या खारटपणात जगायला शिकलेली बुरशी इथल्याच मातीत आहे. ती दुसरीकडून आणलेल्या पुडीत असेलच असे नाही.

मैत्री तुटते तेव्हा

आता आपल्या मित्राच्या पिवळ्या पडलेल्या कोंबांकडे येऊ. इमारत बांधताना तिथली वरची माती काढून टाकली होती. खालून आलेली वाळू पसरली होती. त्या वाळूत बहुधा बुरशी नव्हतीच, किंवा फार थोडी होती. बियांत थोडी शिदोरी असते, तेवढ्यावर कोंब वर आले. शिदोरी संपली आणि खालून मदत आली नाही. कोंब वाळायला खारेपणासारखी आणखीही कारणे असू शकतात, पण हे एक मोठे कारण दिसते.

बुरशीचे बहुतेक धागे आणि बीजाणू मातीच्या वरच्या थरात असतात. म्हणून वरची माती खरवडली, तिच्यावरून पुन्हा पुन्हा गाड्या नेल्या, किंवा उंटाशेळ्यांनी गवत पार मुळापर्यंत खाल्ले, की या बुरशीचे घर मोडते. गवत गेले की बुरशीची साखर बंद, आणि बुरशी गेली की नव्या गवताचे स्फुरद बंद. मग जमीन उघडी पडते आणि उघडीच राहते.

अशा जमिनीवर आधी कोण येते? ज्यांना या बुरशीची गरज नाही, अशी झाडे. चाकवत, राजगिरा यांच्या कुळातली आणि मोहरीच्या कुळातली बहुतेक झाडे या मैत्रीशिवाय भागवतात. म्हणून जमीन हिरवी दिसली म्हणजे ती बरी झाली असे नाही. कोणते हिरवे आले आहे, ते पाहावे लागते.

जमीन पुन्हा कशी बरी होते?

पहिले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या दगडमातीचे मोठे ढीग तिथे पडलेले. त्यांत सेंद्रिय अंश जवळजवळ नाही, उपयोगी सूक्ष्मजीवही नाहीत. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्या ढिगांवर खड्डे घेतले. त्यांत प्रेसमड घातले, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. रोपांच्या मुळांना नत्र देणारे जिवाणू आणि व्हॅम बुरशी दिली. त्या उजाड ढिगांवर साग, शिसू यांसारखी झाडे वाढू लागली. ती गवते नव्हती, झाडे होती, पण धडा तोच आहे : नुसते रोप लावायचे नाही, त्याचा सोबतीही लावायचा.

गवताळ रानांचा अभ्यास पाहायचा तर जरा दूर, अमेरिकेत जावे लागेल. तिथल्या मध्य भागात पूर्वी उंच गवताची प्रेअरी होती. ती नांगरून मक्याची शेते झाली. शिकागोजवळ फर्मीलॅब नावाची अणूच्या आतल्या कणांचा अभ्यास करणारी मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे कण फिरवण्यासाठी मैलोनमैल लांबीचे वर्तुळ बांधले होते. १९७५ सालापासून रॉबर्ट बेट्झ या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांच्या मदतीने त्या वर्तुळाच्या आतल्या जुन्या शेतजमिनीत प्रेअरीचे बी पेरायला सुरुवात केली. पुढे ज्युली जॅस्ट्रो आणि मायकेल मिलर यांनी तिथल्या मातीचा अभ्यास केला. जसजशी गवताची मुळे आणि बुरशीचे धागे वाढले, तसतशी नांगराने मोडलेली मातीची गुठळ्यांची घडण पुन्हा जमू लागली.

कॅन्सस राज्यातील प्रयोगांत आणखी एक गोष्ट कळली. उन्हाळ्यात वाढणारी उंच गवते बुरशीवाचून खुरटतात, तर थंडीत वाढणाऱ्या गवतांना तितका फरक पडत नाही. आपले थुमाम, अंजन, बाजरी आणि ज्वारी ही सगळी उन्हातलीच गवते. होय, बाजरी आणि ज्वारी हीदेखील गवतेच!

लिझ कोझिओल आणि जेम्स बेव्हर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जुन्या प्रेअरीतून घेतलेली बुरशी रोपांना देऊन ती रोपे मोडलेल्या जमिनीत लावली. तिथे मूळच्या वनस्पतींच्या जाती अधिक आल्या आणि रानाची घडी लवकर बसू लागली. अशा अनेक प्रयोगांत स्थानिक मातीतली बुरशी दुकानातल्या पुडीतील बुरशीपेक्षा सरस ठरली आहे. काही वेळा पुडीचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून 'बुरशी टाकली की झाले' असे समजू नका. चराई थांबवणे, योग्य बी आणि वेळेवर पाऊस हेही लागतेच.

आपल्या हातात काय आहे?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाबा रस्ते, पाइपलाइन, इमारती किंवा बागांच्या कामावर आहेत. उद्या तुम्हीही इंजिनिअर व्हाल. तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. खोदकाम करताना वरची वीतभर माती वेगळी काढावी, तिचा उंच ढीग करून वर्षानुवर्षे ठेवू नये, आणि काम संपताच ती पुन्हा वरच पसरावी. ढिगात फार दिवस पडून राहिलेल्या मातीतली बुरशी मरत जाते. या कामाला फार पैसा लागत नाही, फक्त आधी आठवण हवी.

आणि आज? वाळवंटात सहलीला गेलात की बाबांना सांगा, गाडी आधीच्या चाकोरीतूनच न्या. गवताच्या झुबक्यांवरून तर नकोच. एक झुबका मोडायला क्षण लागतो. त्याच्या मुळाशी जमलेला संसार पुन्हा उभा राहायला अनेक पावसाळे लागतात, आणि इथे पावसाळा म्हणजे चार सरी!

ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याला आता माझे पूर्ण उत्तर असे : "बाळा, त्या गवताला पाणी आकाश घालतं, पण ताट वाढणारा सोबती मातीत राहतो. आपण बी टाकलं, पाणी टाकलं, सोबत्याला बोलवायचं मात्र विसरलो."

करून पाहा

साहित्य : सारख्या दोन कुंड्या, धुतलेली वाळू, बाजरीचे दाणे, बागेतील जुन्या गवताखालची दोन मुठी माती (बागेच्या मालकाला विचारून).

१. मोठ्यांच्या मदतीने वाळू पाण्यात अर्धा तास उकळा, गार करा आणि दोन्ही कुंड्यांत भरा.
२. 'क' कुंडीत एक मूठ माती तशीच मिसळा. दुसरी मूठ माती उकळून, गार करून 'ख' कुंडीत मिसळा.
३. दोन्हींत पाच पाच दाणे पेरा. उगवल्यावर तीन तीन रोपे ठेवा. पाणी आणि ऊन सारखेच द्या. खत घालू नका.
४. सहा आठवडे दर शनिवारी उंची मोजून वहीत लिहा.

फरक दिसला नाही तरी तसेच लिहा. खोटी उंची लिहिणारा शास्त्रज्ञ होत नाही! माती हाताळल्यावर हात साबणाने धुवा. प्रयोगासाठी भारतातून माती मागवू नका. एका देशाची माती दुसऱ्या देशात नेली की तिच्याबरोबर रोगही जातात.

शब्दार्थ

कवक : बुरशी
कवकतंतू : बुरशीचे बारीक धागे
बीजाणू : ज्यापासून नवी बुरशी वाढते तो सूक्ष्म कण
स्फुरद : फॉस्फरस
नत्र : नायट्रोजन
शिदोरी : प्रवासात बरोबर घेतलेले खाणे, इथे, बियांतला अन्नसाठा

स्वाध्याय

१. गवत बुरशीला काय देते आणि बुरशी गवताला काय देते?
२. चुनखडी वाळूत स्फुरद असूनही ते मुळांना का मिळत नाही?
३. 'जमीन हिरवी दिसली म्हणजे ती बरी झाली असे नाही.' असे का म्हटले आहे?
४. प्रयोगातील 'ख' कुंडीत माती घालायचीच नाही असे न करता उकळून का घालायची?
५. उकळल्याने बुरशीबरोबर मातीतले आणखी कोण मरते? मग 'क' कुंडीतले रोप जास्त वाढले तर त्याचे सगळे श्रेय बुरशीला देता येईल का?
६. घरी आजीआजोबांना विचारा : त्यांच्या गावच्या माळावर कोणकोणती गवते होती? निदान तीन नावे लिहून आणा. पुढच्या शनिवारी आपण ती फळ्यावर लिहू.